हत्ती गाडीत कुठं उभा करायचा

ऊसतोडीची बैलगाडी भरायला मला मावशीनं शिकवलं. हे आधी सांगतो, कारण परवा यार्डात जे झालं ते तिचं आहे, आणि ती इथून फार लांब, पाथर्डीकडं आहे.

आठवीत शाळा सुटली आणि मी तिच्या गाडीवर गेलो. मोळ्या पुढं जास्त झाल्या की गाडी धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. मागं जास्त झाल्या की उलाळ, मग जू वर उचलून बैलांचे गळे आवळणार. मावशी दर थराला जू हातानं उचलून बघायची आणि कोडी घालायची.

"समज, गाडीत हत्ती न्यायचाय. कुठं उभा करशील?"

"मधोमध, चाकावर."

"आन् त्यानं सोंड म्होरं काढली तर?"

मी बैलांकडं बघितलं.

"त्याला मागं सरकव की, शहाण्या. का बैलास्नी इचारू?"

आता मी तमिळनाडूत एका यार्डात, क्रेननं उचलायच्या मालाला बेल्ट बांधतो. परवा माझा चाचणीचा महिना संपत होता. ट्रकवरून एक लांब मशीन उतरवायचं होतं, एका टोकाला मोटर असलेलं. साहेबांनी टेप लावून बरोबर मध्यावर खडूची खूण केली; तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर मी एकेक बेल्ट बांधायचा. मला वाटलं, मोटरीकडचं टोक जड असणार. बोललो आणि चुकलो तर घरी. गप्प बसलो आणि मशीन पडलं, तर बेल्ट मीच बांधलेला.

मोडक्या हिंदीत म्हणालो, "साहेब, आधी वीतभरच उचला."

उचललं. मोटरीचं टोक ट्रकवर बसून राहिलं, दुसरं वर गेलं. खाली घेऊन दोन्ही बेल्ट मोटरीकडं हातभर सरकवले. पुन्हा वीतभर. बेल्ट अजून चार बोटं सरकवले. तिसऱ्यांदा मशीन ताटासारखं सपाट उठलं.

"किती शिकलास?" साहेबांनी विचारलं.

"आठवी."

त्यांनी ट्रकच्या फळीवर खडूनं लिहून दाखवलं. वजन गुणिले अंतर, दोन्हीकडं सारखं आलं की तोल. "हे कॉलेजात शिकवतात."

"आमच्याकडं हत्तीवर शिकवतात," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही, पण हसले, आणि नोकरी पक्की केली.

फोनवर सगळं ऐकून मावशी म्हणाली, "मोटर म्हंजी सोंडच की मग. जेवलास का?"

एक दिवस मी तिला इथं आणणार आहे. क्रेनसमोर खुर्चीत बसवीन, आणि बेल्ट कुठं बांधायचा ते साहेबांसमोर तिलाच विचारीन.