बुआलायने खणलेले रातकिडे

चान्होम म्हातारीला आयुष्यभर एकच काम मनापासून जमलं, नाकं मुरडायचं. सुनेच्या भातापासून जावयाच्या मिशीपर्यंत कशालाही तिने चांगलं म्हटलं नव्हतं. सून केवता खांबांवरच्या घराखाली सोळा हौदांत रातकिडे पाळायची. थायलंडातल्या खोन केनकडच्या त्या गावात अर्धी घरं तेच करतात, पण म्हातारी त्यांना खाणं मानायलाच तयार नव्हती.

"शेतातला किडा गवत खातो, उड्या मारतो, म्हणून त्याला चव," ती चारचौघांत सुनेला ऐकवायची. "तुझे पुठ्ठ्यांवर बसून कोंबडीचं खाद्य चरतात. त्यापेक्षा मला कोंबडीचं खाद्यच वाढ की."

उन्हाळ्याच्या तोंडावर म्हातारी पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिने अंथरूण धरलं. महिन्याभरात पडून पडून कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली. दर मंगळवारी पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सने केवताला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, पोटात प्रथिनं गेली नाहीत तर जखम भरायची नाही, हाडापर्यंत जाईल, मग मलम चोपडून उपयोग नाही. म्हातारीला अंड्याचा वास सोसत नव्हता, मांस चाववत नव्हतं. मग रातकिडे द्या की, नर्स म्हणाली, मांसाच्या तोडीची प्रथिनं, वर लोह, आणि तुमच्या घराखाली ढिगाने आहेत.

केवताचे किडे एक कंपनी घ्यायची आणि दळून त्यांचं पीठ विकायची. तिथला तरुण साहेब प्रथिनांच्या आकड्यावर जीव टाकायचा. आकडा घसरू नये म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत कोंबडीचंच खाद्य घाला, असा त्याचा हुकूम होता. स्वतः त्याने जन्मात एक किडा तोंडात घातला नव्हता. म्हातारीच्या जखमेचं ऐकून त्याने मोठ्या मनाने पिठाचा एक डबा पाठवला. म्हातारीने चमचाभर तोंडात घेतलं आणि भिंतीवर थुंकली. डबा कोंबड्यांना गेला.

मग केवताने आपल्याच हौदातले मूठभर किडे गवती चहा घालून कुरकुरीत तळले. म्हातारीने वास घेऊन ताटली ढकलली. खाद्याचा वास येतो म्हणाली. संताप याचाच, की तो खरंच येत होता. त्या किरकिऱ्या बाईचं नाक साहेबाच्या प्रथिनं मोजायच्या यंत्रापेक्षा शहाणं निघालं. केवताच्या माहेरी काढणीच्या आधी चार दिवस खाद्य बंद करून किड्यांना लाल भोपळा आणि कसावाचा पाला घालायचे, की वास जायचा. साहेबाच्या आकड्यापायी तिने ते सोडून दिलं होतं.

तिने कोपऱ्यातला एक हौद कंपनीला न सांगता वेगळा काढला. चार दिवस भोपळा घातला, किडे तळले, पाय खुडले आणि ताटली शेजारच्या बुआलायच्या हातात दिली. बांधावरून खणून आणले, एवढंच तिने म्हणायचं होतं. ही बुआलाय स्वतःच्या सासूसाठी कधी विहिरीपर्यंत गेली नव्हती. एवढ्याशा खोटेपणासाठीही तिने अर्धी ताटली मागून घेतली.

मोतीबिंदू झालेली म्हातारी ताटली चाटून बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले, तिसऱ्या दिवशी भांडून मागितले. सहाव्या मंगळवारी नर्सने पट्टी काढली, तर जखम बाटलीच्या झाकणाएवढी उरलेली. खूश होऊन तिने विचारलं, आजी, खाता तरी काय?

"शेतातले किडे," म्हातारी म्हणाली. "ही बुआलाय माझ्यासाठी उन्हात बांध खणते. सुनेचे खाल्ले असते तर एव्हाना मला जाळून मोकळे झाले असते सगळे." मग ती केवताकडे वळली. "एकेकीचं नशीब असतं गं. त्या घरात बघ कशी सून आली, आणि माझ्या वाट्याला तू."

ताटली घेऊन आलेल्या बुआलायला लाज वाटायला हवी होती. ती आपली नखं बघत बसली. केवताच्या ओठांवर उत्तर आलं होतं, एका वाक्यात म्हातारीचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण तोंड बंद झालं की खाणंही बंद, आणि जखम अजून झाकणाएवढी उघडी होती. ते वाक्य तिने गिळलं.

"उद्यापासून थोडे जास्त खणून आणायला सांगते तिला, आई," ती म्हणाली.