सोमवारची चौकशी

मंचरला आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम बारा घरं. रविवारी भाड्याच्या एका हॉलमध्ये उपासना व्हायची, आणि जो रविवारी दिसला नाही त्याच्या दारात सोमवारी संध्याकाळी मंडळीतले एक म्हातारे काका हजर. सलाम म्हणायचे, खुर्ची ओढून बसायचे, पाणी मागायचे. मी तेव्हा डिंभ्याला धरणाच्या ऑफिसात कारकून होतो. एसटीच्या लहरीवर रोज जाऊन-येऊन, त्यात बायको माहेरी निघून गेलेली. काकांचा प्रश्न ठरलेला, "सूनबाई कधी येनार?"

एका सोमवारी माझं डोकं फिरलं. माझ्या घरात डोकवायला पुन्हा येऊ नका, असं मी त्यांना दारातच सुनावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते जिना उतरून गेले. त्यानंतर मी हॉलकडे फिरकलो नाही.

देव काही सोडला नव्हता. स्टँडजवळ नुकताच नेट कॅफे निघाला होता, तिथे मला मराठी ख्रिस्ती लोकांची एक चॅटरूम सापडली. रविवारी सकाळी वीसेक जण जमायचे. कुणीतरी बायबलमधलं वचन टाइप करायचं, बाकीच्यांनी आमेन लिहायचं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, आणि प्रत्येकाला टोपणनाव. बायकोबद्दल कुणी विचारत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. शेजारी पोरं गाड्यांचे गेम खेळत असायची आणि मी प्लायवूडच्या आडोशाला डोळे मिटून प्रार्थना करायचो.

तिथे 'जाई' नावाच्या एक बाई होत्या. सगळ्यांत आधी आमेन त्यांचं. एकदा त्यांनी लिहिलं, छातीत दुखतंय, घरात एकटीच असते, प्रार्थना करा. आम्ही केली. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्या राहतात कुठे, खरं नाव काय, असं मी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. एकाने लिहिलं, देव जाणतो.

"देव जाणतो हो," मी टाइप केलं, "पण दार कोण वाजवणार?"

मला भीती वाटली, जाईंसाठी थोडी आणि स्वतःसाठी जास्त. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, पत्ता लिहिला, माझा निरोप घेणाऱ्या घराखालच्या किराणा दुकानाचा पीपी नंबर दिला. एखाद्या रविवारी दिसलो नाही तर फोन करा, एवढंच मागितलं. एकाखाली एक उत्तरं आली. आमेन. आमेन. आमेन.

पुढचा रविवार मी मुद्दाम चुकवला. सोमवारी ऑफिसातून लवकर निघालो आणि घरी पोचण्याआधी दुकानात फोन आला का विचारलं. वर जाऊन चहा केला, पुन्हा खाली उतरलो. काकांची यायची वेळ झाली तसा जिन्याकडे कान लावून बसलो. ते कसे येतील, मीच नको म्हणालो होतो. दुकानाचं शटर ओढायच्या वेळी तिसऱ्यांदा खाली गेलो.

"न्हाई आला राव फोन," दुकानदार म्हणाला. "पर कुणाचा यायचा व्हता?"

मला एकही नाव सांगता आलं नाही.