मास्तरांच्या बोटांची टिकटिक

आमच्या खालच्या मजल्यावर टायपिंगमास्तर राहतात. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंग शिकवलं, तेही खिडकीकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करून. वीस यंत्रांच्या खडखडाटातून "मागच्या रांगेतली तिसरी, करंगळी आळशी झालीय तुझी," असं ते न वळता सांगायचे. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसतं. कान मात्र अजून कामावर आहेत.

त्या दुपारी ते जिन्याचा कठडा चाचपत वर आले. एका हातात फोन, शर्टाच्या खिशात उठावदार बटणांचं ते छोटं यंत्र, ज्यावर ते पुस्तकं ऐकतात.

"सूनबाई, कॉम्प्युटर मोकळा आहे का? एक भानगड निस्तरायचीय."

भानगड अशी, की काकू, म्हणजे मास्तरांची बायको, खुब्याचं हाड मोडून सहा आठवडे इस्पितळात होत्या. रोज संध्याकाळी फोनवर म्हणायच्या, "अहो, जरा घड्याळ ऐकवा." भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाशिवाय त्यांना झोप येत नाही. मास्तर फोन घड्याळाशी धरायचे. मग काकू यायच्या आत घर छान दिसावं म्हणून त्यांनी रंगारी बोलावला. चार दिवसांपूर्वी रंग झाला, घड्याळ परत टांगलं, आणि ते लंगडत चालून दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागलं.

"मग हे चार दिवस काकूंना काय ऐकवलंत?"

मास्तरांनी माझ्या टेबलावर दोन बोटं चालवली. टिक, टक. टिक, टक. हुबेहूब!

"पण शनिवारी ती घरी येतेय. तेव्हा काय भिंतीत शिरून वाजवू?"

घड्याळवाला पुढच्या महिन्याशिवाय येणार नव्हता. फोनमध्ये त्यांच्या लेकीनं गेल्या वर्षी काढलेला त्या घड्याळाचा व्हिडिओ होता. त्यातली चाल पुन्हा पुन्हा ऐकली की आताची कुठं लंगडतेय ते सापडेल, असं मास्तरांचं म्हणणं. पण फोनच्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही, आणि खिशातलं यंत्र व्हिडिओ घेत नाही. त्याला 'ऑग' नावाच्या प्रकारातला नुसता आवाज लागतो.

"हे ऑग कुठल्या कंपनीचं?"

"कुणाच्याच मालकीचं नाही, काका. खुलं आहे, कुणीही वापरावं."

"म्हणजे आपलंच की!"

असं काम फुकट करून देणारी एक वेबसाइट मी उघडली, व्हिडिओ चढवला. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. खिडकीचा पडदा फुगायचा, दमून खाली बसायचा. मास्तर डोळे मिटून बसले होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर कुठलंसं जुनं पत्र टाइप करत होती. पट्टी कधी भरली, मला कळलंच नाही.

फाइल यंत्रात घातली. मास्तरांनी बटण दाबलं. टिकटिक नाहीच. कापसासारखी मऊ शांतता, आणि तिच्यातून, शेजारच्या खोलीतून यावा तसा काकूंचा आवाज:

"पुन्हा वाकडंच टांगलंत? जाऊ दे बाई. सरळ केलं की रुसतं मेलं. वाकडं तर वाकडं, चालतंय ना!"

मी वळून वेबसाइटचं पान पाहिलं. मग चूक लक्षात आली. 'गोंगाट काढून टाका' या चौकटीत आधीपासूनच खूण होती, ती मी तशीच ठेवली होती. वेबसाइटनं टिकटिक हाच गोंगाट धरून पुसला आणि तिच्याखाली दबलेल्या काकू वर आल्या.

"चुकलं काका, परत करते."

"थांब!" मास्तरांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना हसू लागले. "अगं, त्या रंगाऱ्यानं पट्टी लावून सरळ टांगलंय! केसभर फरक नाही म्हणून मलाच ऐकवत होता, शहाणा!"

खूण काढून मी दुसरी फाइल केली. या वेळी टिकटिक होती. आम्ही खाली गेलो. ताज्या रंगाच्या वासात त्या पांढऱ्या भिंती ढगाच्या आतल्या बाजूसारख्या वाटत होत्या. मी घड्याळाचं खालचं टोक सुतासुतानं डावीकडे सरकवत होते. मास्तरांच्या एका कानाशी यंत्र, दुसरा घड्याळाकडे.

"लंगडतंय... अजून... किंचित... बास!"

दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. गेल्या वर्षीचा कुठला आणि आजचा कुठला, मला सांगता येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घड्याळ चालतच राहिलं.

शनिवारी काकू वॉकर टेकत आल्या. उंबऱ्यातच थांबून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "वाकडंच का अजून?" मग पलंगावर टेकल्या, मास्तरांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि ती दोन बोटं चोळू लागल्या.

"दुखतात का हो?"

मास्तर गोरेमोरे झाले. "तुला कळलं होतं?"

"घड्याळ मध्येच खोकत नाही," काकू म्हणाल्या. "पण झोप लागली हो."