रंगनाथभाऊंच्या पाठीतलं सेंट्रिंग

मंडळी, आज एका पेशंटने सर्जनची तोंडी परीक्षा घेतली. दवाखान्यातून थेट जालन्याच्या सायबर कॅफेत येऊन लिहितोय.

हसनाबादचे रंगनाथभाऊ माझे शेजारी. अख्खं आयुष्य स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे ओलं काँक्रीट पक्कं होईपर्यंत धरणारा आणि मग खोलायचा सांगाडा, ठोकण्यात गेलं. परवा परांचीवरून पडले, मणका मोडला. ऑपरेशन लांबलं तर पाय जातील म्हणतात, तरी भाऊ सही करीनात.

आज डॉक्टरांनी टायटॅनियमची सळई त्यांच्या हातात दिली.

"इतकुशी? गंजल ना!"

"गंजत नाही. आणि तिने जन्मभर भार उचलायचा नाहीये. मणक्यांमध्ये हाडाचा चुरा भरू. तो जुळून एकसंध होईपर्यंत तिने फक्त धरून ठेवायचं."

भाऊंचा चेहरा उजळला. "मंग ही सळई न्हाई, सेंट्रिंग हाय! जल्दी सांगायचं ना. खोलता कधी?"

"बहुतेक खोलत नाही. आतच राहते."

"सेंट्रिंग आतच? असं काम म्या केलं तर मालक दारात उभं करन का?"

वहिनी तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "तुमचं तुम्ही खोलत बसा, पण आधी सही करा."

भाऊंनी सही केली. वर डॉक्टरांनाच बजावलं, "घाईनं उभं करू नका. कच्च्या स्लॅबवर म्या कुणाला चढू देत न्हाई."

मी वर्गात 'मेरुदंड' शब्दाचा विग्रह वीस वर्षं सांगतोय. तो उभा कसा करतात, हे आज कळलं.

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या पाठीत अशी सळई आहे का? चालायला कधी लागलात? आजच लिहा, भाऊंना वाचून दाखवायचंय.