मामेसासऱ्यांच्या छातीवरची खूण

माझ्या मामेसासऱ्यांच्या उभ्या आयुष्यात एकही गोष्ट साधी घडलेली नाही. त्यांना ताप आला तर थर्मामीटर फुटायचंच काय ते बाकी राहतं आणि ते पुलावर पोचले की नदी पुलावरून वाहायला लागते. वनरक्षकाच्या नोकरीत वाघ सगळ्यांनाच दिसतो. यांच्या वाघाने मात्र यांना पाहून रस्ता सोडला! अहेरीच्या बाजारात वांगी आणायला गेले तर तासाभराने हकिकत घेऊन परततात आणि वांगी विसरतात. म्हणून मामी भाजी स्वतःच आणतात.

असल्या माणसाला आजार तरी चारचौघांसारखा कसा होणार? चालताना दम लागतो, पाय सुजतात म्हणून गडचिरोलीला दाखवलं. तिथून नागपूरला धाडलं, आणि निदान निघालं हृदयाच्या कॅन्सरचं! चंद्रपूरहून मी धावत गेलो, तर रडवेला मीच. मामा खाटेवर ताठ बसलेले.

"जवाईबापू, डॉक्टर म्हणते, त्यायच्या पुऱ्या नोकरीत असा पेशंट पह्यलाच! रोज नवे नवे डॉक्टर येऊन माही छाती आयकून राह्यले!"

लग्नघरच्या व्याह्यासारखे ते मानपान स्वीकारत होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने "हृदयाले कुठी कॅन्सर होते का भाऊ?" अशी शंका काढली, तेव्हा मामा असे भडकले की नर्सला धावत यावं लागलं.

सर्जनने मला आणि मामींना बाहेर बोलावून सांगितलं, गाठ काढू, पण हृदयाच्या भिंतीत थोडी मुळं राहतील. मग किरणांचा शेक द्यावा लागेल, औषधं द्यावी लागतील. तरीही वर्षाची हमी देता येणार नाही. मामींनी एवढंच विचारलं, "धान कापेपर्यंत राह्यतीन ना?" 

ऑपरेशन झालं आणि मामा शुद्धीवर आले! पहिला प्रश्न, "गाठ केवढी निंगाली?" डॉक्टर म्हणाले, लिंबाएवढी. मामा हिरमुसले. पण घरी येईपर्यंत त्या लिंबाचं नागपुरी संत्रं झालं होतं.

महिन्याभराने शेक सुरू व्हायचा होता. नेम चुकू नये म्हणून नागपूरला शेक देणाऱ्या बाईंनी मामांच्या छातीवर शाईने खुणा केल्या आणि शेक संपेपर्यंत पुसू नका म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी सदरा काढला तर छाती लख्ख! पहाटे साबण आणि घासणी घेऊन मामांनी सगळं खरवडून काढलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. मी तर ओरडलोच.

"तुमाले काय समजते जवाईबापू? तीस वर्ष तोडाच्या झाडावर मी खुणेचा हातोडा मारला. खूण मारलेलं झाड पुढच्या हंगामात उभं दिसलं नाई मले. चला, घरी जाऊ."

हे ते हळू आवाजात बोलले. हा माणूस इतके दिवस भ्यालेला होता, आणि मला ते कळलंही नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मामा सदऱ्याची बटणं लावायला लागले. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या, नवऱ्यापुढे कधी चार शब्द न बोललेल्या मामी म्हणाल्या, "अन् राखाच्या, उभ्या ठेवाच्या झाडाले गेरूचा पट्टा कोन मारत होतं? तुमीच ना? त्याले तं कोनी कुऱ्हाड लावत नोतं."

मामांचा हात बटणावरच थांबला.  मग बाईंना म्हणाले, "मारा बाई पट्टा. अन् जाडा मारा!"

पुढचे सगळे दिवस त्यांनी छातीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. वर दोन बटणं उघडी टाकून दवाखानाभर हिंडले. शेक पुरा झाला. धान कापलं गेलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीचंही! सर्जन त्यांना पाहून खुर्चीतून उठतात. हे मामा सांगतात, पण मी स्वतः पाहिलंय.

मागच्या आठवड्यातल्या तपासणीत फुप्फुसावर बारीक ठिपका दिसला. मामांचा फोन आला.

"जवाईबापू, पुन्हा खुणा मारतीन म्हणते. मारू द्या. तुमच्या मामीले संग आणतो. खूण राखाची हाय का तोडाची, थे तिलेच समजते."

मी हो म्हणालो. मामींना फोन द्या, या खेपेची खूण कुठली ते विचारतो, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.