विकायची नसलेली फळं

भाजीबाजारात माल संध्याकाळपर्यंत उठतो, किस्से मात्र तिथंच साचत जातात. आमच्या अमरावतीच्या बाजारात सर्वांत जास्त साचले ते सरजाकाकूच्या चित्राभोवती. मला चारचौघांत बोलणं जमत नाही, शाळाही चौथीत सुटली. म्हणून जमेल तसं लिहून काढतो.

सरजाकाकू माझी चुलती. तिचं फळांचं दुकान, शेजारी माझं फुलांचं. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. एक म्हातारा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लोक खुर्च्या-टेबलांवर तुटून पडले. काकूनं घेतलं साहेबाच्या आजोबाच्या काळातलं एक तैलचित्र! काळ्याशार पार्श्वभूमीवर गुलाब, द्राक्षं आणि अर्धवट सोललेलं लिंबू.

"काहून वो काकू, खुर्ची घ्यायची ना!" एकानं विचारलं.

"बसायले टाइम कोणाले हाय?" म्हणत काकूनं चित्र दुकानातल्या हुकाला टांगलं.

*

भातकुलीचा एक बागाईतदार चित्रापुढं उभा राहून म्हणाला, "खोटं हाय हे. फूल हिवाळ्यातलं, फळ उन्हाळ्यातलं. एका टोपलीत आले कसे?"

"तुमच्या देवघरात राम न् कृष्ण एका पाटावर बसतेत ना, भाऊ? त्यायले विचारलं का कवा?"

*

अकोटच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठला चित्र फार आवडलं. बदल्यात सोनेरी फ्रेमचं, कोरं करकरीत लक्ष्मीचं चित्र देऊ केलं.

काकूनं हात जोडले. "लक्ष्मी येते न् जाते, शेठजी. हे टिकून हाय."

शेठ माझ्याकडं वळला, "तू तरी समजाव काकूला!" माझ्या तोंडून कसं कोण जाणे निघालं, "जमणार नाही!"

"अरे बाप्पा! पोट्ट्याले वाचा फुटली!" काकू ओरडली. पूर्ण दिवस मी मान वर केली नाही.

*

मग एका उन्हाळ्यात धंदा पार बसला. समोरचे केळीवाले नथ्थूजी चारजणांना घेऊन आले. "सरजाबाई, कापलेलं लिंबू हाय ते! करणी हाय! साऱ्या बाजारावर उतरून राहिली. काढा ते!"

काकू शांतपणे म्हणाली, "ते लिंबू आधी साहेबाच्या घरी होतं, नथ्थूजी. पाहा, कसा गेला विलायतेले! गुणाचं हाय."

नथ्थूजी तिथून थेट म्युनिसिपालटीत गेले.

*

दुसऱ्याच दिवशी सॅनिटरी इन्स्पेक्टर हजर. खाकी कोट, मागं चपराशी. "चित्राची तक्रार आहे. काढा, नाहीतर दुकानाचं लायसन जाईल."

काकू हाताची घडी घालून उभी. "नाही काढत."

इन्स्पेक्टरसाहेबांनी इशारा केला. चपराशी खोक्यावर चढला. सारा बाजार गोळा झाला. तेवढ्यात साहेबांची नजर चित्रातल्या द्राक्षांवर गेली.

"ही माशी बघा! फळं झाकून ठेवायला सांगितलंय ना?" त्यांनी रुमाल झटकला. माशी हलली नाही. पुन्हा झटकला. मग वाकून पाहिलं. माशी रंगवलेली होती! मागं कोणीतरी फिसकन हसलं.

काकू म्हणाली, "हाकलून पाहा ना, साहेब. विलायतेहून येऊन बसली हाय!"

हसणाऱ्यानं पोलीस तर नाही ना, म्हणून चटकन मागं पाहिलं. चपराशी खोक्यावर तसाच थिजला. माझ्या हातातला हार अर्धाच राहिला.

साहेबांनी रुमालाची सावकाश घडी केली. चपराशाला म्हणाले, "उतर खाली. चित्र राहू दे."

आणि जाता जाता, काकूला नि मलाच ऐकू जाईल असं बोलले, "ही माशीही उठेल, बाई. उठेलच."