सायमन, मी आणि मार्गाबाहेर गेलेलं जांभळाचं झाड

दिल्लीच्या मॅरेथॉनला मी दरवर्षी जातो आणि दरवर्षी परत आल्यावर बायकोला सांगतो, की आता बास. या वर्षी ते जायच्या आधीच सांगून झालं होतं. मग रूथचा फोन आला.

रूथ ही सायमनची मुलगी. ती बंगळूरला असते. सायमन हा माझा पळण्यातला जोडीदार. मूळचा नगरचा. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांचे टीव्ही आपल्या देशातच बनायला लागले, तेव्हा नोएडातल्या एका कारखान्यात आला आणि तिकडचाच झाला. मार्था वहिनी गेल्यापासून गाझियाबादच्या बाजूला, वैशालीत, एकटा राहतो.

"अरुणकाका, बाबा विसरायला लागलेत," रूथ म्हणाली. "मागच्या महिन्यात भाजी घेऊन दुसऱ्याच सोसायटीत शिरले. तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुणाच्या तरी कुलपात किल्ली फिरवत होते. इकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत. तुम्ही दोन दिवस त्यांच्याबरोबर असाल ना, नीट बघा. तुम्ही म्हणाल तसं करू."

"अगं, मी काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टरसमोर ते बिल्कुल ठणठणीत असतात. तुमच्यासमोर नाटक नाही करणार."

मी नाव नोंदवलं. (तुम्ही जाणार असाल तर नोंदणी उघडल्या उघडल्या करा. नंतर महाग पडते.)

विमानतळावरून टॅक्सी करू नका. मेट्रो थेट नवी दिल्लीला आणते, तिथून एक स्टेशन राजीव चौक, मग निळी लाईन. निळ्या लाईनला यमुना बँकनंतर दोन फाटे फुटतात, एक नोएडाला आणि एक वैशालीला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. हे मी इतक्या ठासून सांगतोय, कारण मी वाचली नाही. दिल्लीतल्या वर्तमानपत्राच्या नोकरीतली माझी बरीच वर्षं नोएडात गेली. गाडी आली, मी चढलो, जागा मिळाली, नदी गेली, आणि माझ्या जुन्या सेक्टरच्या स्टेशनवर मी सवयीने उतरलोसुद्धा. जिना उतरून कोपऱ्यावरचा किराणावाला शोधला. तिथे काचेची इमारत होती. मग लक्षात आलं, की मी आता पुण्यात राहतो.

सायमनची परीक्षा घ्यायला आलेला माणूस हा असा.

वैशालीच्या स्टेशनबाहेर तो माझी वाट बघत होता.

"नोएडाला गेला होतास ना?"

"तुला कसं कळलं?"

"मागच्या वर्षी पण गेला होतास, यार."

मागच्या वर्षी मी गेलो नव्हतो. म्हणजे, माझ्या आठवणीप्रमाणे नव्हतो. आता यातला कोण विसरतोय? रूथला पाठवायच्या निकालातली पहिलीच ओळ माझ्यावर उलटली होती.

बाहेर त्याने रिक्षा ठरवली. इथे मीटर नसतो, भाडं आधी ठरवा. "भैया, सीधा चलो, पानी की टंकी से लेफ्ट." वळण बरोबर, सोसायटी बरोबर, मजला बरोबर. त्याने फ्लॅट घेतला तेव्हा इथे एक रस्ता, बाभळी आणि बिल्डरचा बोर्ड एवढंच होतं. आता सगळ्या सोसायट्यांना सारखाच पिवळा रंग आणि सारख्याच जाळीच्या गॅलऱ्या आहेत. खाली उभं राहून मी वर पाहिलं. खरं सांगतो, दुसऱ्याच इमारतीत मीही शिरलो असतो.

दुसरा दिवस शर्यतीचा क्रमांक आणि टी-शर्ट आणण्यात जातो. स्वतः जावं लागतं, ओळखपत्र लागतं, रांग लांब असते. सायमनने रांगेत पुढच्या पोराला आमच्या सगळ्या शर्यतींचा इतिहास ऐकवला. त्यात एक वर्ष पावसाचं होतं. मला पाऊस आठवत नव्हता. मी धुक्याचं वर्ष सांगितलं, तर तो म्हणाला ते धुकं नव्हतं, धूर होता. एकच शर्यत इतक्या वेळा पळलं की वर्षं एकमेकांत मिसळतात. कोणत्या वर्षी माझा गुडघा दुखला आणि कोणत्या वर्षी त्याचा, यावर आम्ही परतीच्या मेट्रोत बरंच भांडलो. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "अंकल, घुटना तो दोनों का जाएगा, झगड़ा किस बात का?"

दुपारी त्याने लाडू केले. हे लाडू म्हणजे आमची रीत आहे. पहिल्या वर्षी इंडिया गेटच्या अलीकडे माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्याकडेच्या एका जांभळाखाली बसलो. सायमनने खिशातून रुमालात बांधलेला डिंकाचा लाडू काढला. मार्था वहिनींनी दिलेला. तेव्हापासून दरवर्षी त्या झाडाखाली थांबून एकेक लाडू खायचा. लोक पुढे जातात, जाऊ देत. पुढे शर्यतीचा मार्ग बदलला आणि झाड मार्गाबाहेर गेलं. आम्ही नव्या मार्गावरचं एक कडुनिंबाचं झाड धरलं. रीत तीच राहिली. वहिनी गेल्यावर सायमन स्वतः लाडू करायला लागला.

मी ओट्याशी उभा राहून बघत होतो. डिंक तुपात नीट फुलवला, खारीक-खोबरं भाजलं. गूळ चिरत असताना रूथचा फोन आला, तो बोलून परत आला आणि थेट वळायला बसला. मला दोनदा विचारलं, "तुझं परतीचं विमान कधीचं?" मी मनात नोंद केली. थोड्या वेळाने मी विचारलं, "उद्या निघायचं कधी?"

"हे तिसऱ्यांदा विचारतोयस," तो म्हणाला. "बरा आहेस ना?"

शर्यतीच्या दिवशी मेट्रो नेहमीपेक्षा लवकर सुरू होते, पण आदल्या दिवशी खात्री करून घ्या. पहाटे गार असतं, जुना स्वेटर घालून जा आणि शर्यत सुरू होताना तिथेच टाकून द्या. हवा कशी असेल हे कुणी सांगू शकत नाही. यंदा बरी होती, म्हणजे समोरचा माणूस दिसत होता.

आम्ही पळतो म्हणजे निम्मं चालतो. सायमन पुढे, मी अर्धं पाऊल मागे. एरवी आम्ही शेजारी असतो. यंदा मी त्याच्याकडे बघत होतो. पाणी घेतो का, पेला कुठे टाकतो, बाणाच्या पाट्या वाचतो का. इंडिया गेटच्या अलीकडे सगळा लोंढा उजवीकडे वळला. सायमन सरळ गेला. दोन अडथळ्यांमध्ये फट होती, तिच्यातून अंग चोरून बाहेर पडला.

"अंकल! अंकल, इधर नहीं! राइट लो, राइट!" शिट्टी वाजवत एक मुलगी ओरडली.

झालं, रूथला काय सांगायचं ते ठरलं. मी त्याच फटीतून बाहेर पडलो. तो जुन्या जांभळाखाली बसलेला होता, बुटाची नाडी सैल करत.

"सायमन, मार्ग बदललाय रे."

"माहितेय. कधीच बदललाय."

"मग?"

"रूथने तुला माझ्यावर नजर ठेवायला पाठवलंय ना? सकाळपासून माझ्या मागे पळतोयस. मला वाटायला लागलं की मी चोर आहे. म्हटलं, शर्यत गेली खड्ड्यात, जरा बसू. आणि बसायचं तर आपल्या झाडाखाली."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागलो. तोही हसला. त्याने रुमाल सोडला, एक लाडू मला दिला, एक स्वतः तोंडात टाकला आणि म्हणाला, "मार्थाने या वेळी गूळ कमी घातलाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चावत होता, समोरून जाणारे लोक बघत होता. तो चेष्टा करत नव्हता. लाडू आदल्या दिवशी माझ्यासमोर त्याने स्वतः वळले होते. लाडू तसाच हातात राहिला, तो मी खिशात टाकला.

परत मार्गावर जायचं कुणाच्याच मनात नव्हतं. छातीवर क्रमांक तसाच ठेवून आम्ही चालत कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात गेलो. तिथे पोहे आणि चहा मिळाला. बाहेरच्यांना खायला मिळतं का, हे मात्र आधी विचारून घ्या. आमची ओळख जुनी आहे. पोहे आले आणि रूथचा फोन आला. मी उठून बाहेर जायला लागलो.

"इथेच बोल," सायमन म्हणाला. "स्पीकरवर टाक."

"काका? कसे आहेत बाबा?"

"समोरच बसलेत. ऐकतायत." मी थांबलो. खोटं बोलायचं तर कोणत्या बाजूने, हेही कळेना. "रूथ, मला ठरवता येत नाही. रस्ते त्याला माझ्यापेक्षा चांगले कळतात. नोएडाला मी गेलो, तो नाही. शर्यत सोडून गेला, पण समजून-उमजून. फक्त मघाशी म्हणाला, की मार्थाने गूळ कमी घातलाय."

सायमनचा चमचा थांबला.

"मी? मार्था म्हणालो?"

"हो."

त्याने चमचा ताटलीत ठेवला. मला वाटलं, आता चिडेल.

"रूथ," तो म्हणाला, "मला सगळं आठवतंय असंच वाटतं, बेटा. तीच तर अडचण आहे. चुकलं ते मला कसं कळणार? आत्ता हा बोलला म्हणून कळलं."

"बाबा, मी येते. या शनिवारी येते."

"ये. पण नुसतं उचलून न्यायला येऊ नको. थोडे दिवस राहा, बघ. मग तू म्हणशील तसं. बंगळूरला पळायला जागा आहे ना?"

"आहे, बाबा."

"झाडं?"

"खूप."

"चलो." त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि माझ्या ताटलीतला लिंबाचा तुकडा उचलून आपल्या पोह्यांवर पिळला.

मला स्टेशनवर सोडताना त्याने डब्यावरची पाटी मोठ्याने वाचून दाखवली. मी योग्य गाडीत बसलो.

निकालाच्या पानावर यंदा आमच्या दोघांच्या नावापुढे शेवटची वेळ नाही. तुम्ही गेलात तर शर्यत पूर्ण करा. शेवटचा टप्पा छान आहे, वाजंत्री असते. मी मात्र पुण्यात येऊन यंदा "बास" म्हणालो नाही. पुढच्या वर्षी तो बंगळूरहून येईल की वैशालीहून, येईल तेव्हा मला ओळखेल का, मी कोणत्या गाडीत बसेन, काहीच माहीत नाही.

धुवायला टाकताना बायकोला माझ्या पँटच्या खिशात तो लाडू सापडला. चपटा झालेला. तिने तुकडा मोडून खाल्ला.

"कुणी केलाय?"

"का गं?"

"चांगला आहे," ती म्हणाली. "गूळ तेवढा कमी पडलाय."